देशाचं सर्वात जास्त नुकसान कोणी केलं? नावाआधी निर्णय विचारा

(राळेगाव येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



देशाचं सर्वात जास्त नुकसान कोणत्या राजकारण्याने केलं, हा विषय मला दिला आहे. हा वाद आपल्याला नवा नाही. जिनिंगमध्ये कापसाची गाडी खाली व्हायची वाट पाहताना तो होतो, चहाच्या टपरीवर होतो, जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर होतो, आणि रात्री व्हॉट्सॲपवर तर होतोच. नावंही ठरलेली आहेत. कोणी नेहरू म्हणतो, कोणी जिना, कोणी इंदिरा गांधी, कोणी अडवाणी, कोणी मोदी. पाच मिनिटांत देश बाजूला राहतो आणि तू कोणत्या पार्टीचा, तू कोणत्या जातीचा, तू कोणत्या धर्माचा हे सुरू होतं.

आपल्या बाबतीत यात आणखी एक अडचण असते. मुसलमान मुलाने एखादं नाव घेतलं की त्याचं म्हणणं ऐकण्याआधी त्याचं आडनाव ऐकलं जातं. म्हणून काही मुलं गप्प बसतात आणि काही चिडून शिवी देतात. दोन्हीत नुकसान आपलंच आहे. गप्प बसणारा नागरिक म्हणून मोजला जात नाही, आणि शिवी देणाऱ्याचा मुद्दा कितीही खरा असला तरी शिवीच पुढे फिरते. गुन्हा दाखल झाला तर बारावीतल्या पोराचं करिअर तिथेच अडकतं. तेव्हा आज मला यादी वाचून दाखवायची नाही. यादी करायची कशी, हे बोलायचं आहे. शेवटी माझं उत्तरही सांगतो, पळ काढणार नाही.

मी सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्याकडे रात्री एखादी यंत्रणा बंद पडली, लोकांचे व्यवहार अडकले, की दुसऱ्या दिवशी सगळे बसतात आणि काय झालं ते लिहून काढतात. त्या बैठकीत ‘कोणी केलं’ हा प्रश्न पहिला नसतो. कोणता बदल झाला, किती वाजता झाला, धोक्याची सूचना आली होती का, आली तर कोणी पाहिली, आणि एका माणसाच्या एका बटणाने सगळं बंद पडू शकलं ते का, हे आधी विचारतात. राजकारणाला ही पद्धत जशीच्या तशी लागू होत नाही. आमची पद्धत प्रामाणिक चुकीसाठी आहे. मुद्दाम वायर कापणाऱ्याला ती माफी देत नाही, आणि राजकारणात मुद्दाम वायर कापणारे असतात. पण प्रश्नांचा क्रम घेण्यासारखा आहे.

म्हणून मी चार प्रश्न सुचवतो. पहिला, नाव सोडा, निर्णय सांगा: कोणता, केव्हाचा? दुसरा, निर्णय घेताना त्या माणसाला काय माहीत होतं, कोणी सावध केलं होतं का? तिसरा, नुकसान कोणाचं झालं, किती काळ, आणि ते भरून काढता आलं का? चौथा, नंतर आलेल्यांना दुरुस्त करता येत होतं, त्यांनी केलं का? या चार प्रश्नांतून जे नाव जात नाही ते आपल्या रागाचं नाव आहे, हिशेबाचं नाही.

आणीबाणी

सोप्या उदाहरणापासून सुरू करू. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागू झाली आणि २१ मार्च १९७७ ला उठली. निर्णय कोणाचा, यात वाद नाही. इंदिरा गांधींचा. मंत्रिमंडळाची संमती दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली गेली. हजारो लोक चौकशीविना तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यात सक्ती किती होती हे शाह आयोगासमोर आलं.

पण दुसरीही बाजू बघा. याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. त्याच्या बाजूने हात वर करणाऱ्या आमदारांपैकी एकाचं तरी नाव आपल्याला आठवतं का? एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायाधीशांनी सांगितलं की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही. पाचवे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना वेगळे राहिले, आणि पुढे त्यांना डावलून त्यांच्यापेक्षा कनिष्ठ न्यायाधीशाला सरन्यायाधीश केलं गेलं. एक माणूस एवढं करू शकला कारण शेकडो लोकांनी आपापल्या खुर्चीवरून ‘हो’ म्हटलं.

आता तिसरा आणि चौथा प्रश्न. १९७७ मध्ये लोकांनी सरकार पाडलं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणी लावणं कठीण केलं. ज्यांच्यावर सक्ती झाली त्यांचं नुकसान भरून निघालं नाही, पण यंत्रणेत पडलेलं भोक बऱ्याच अंशी बुजवलं गेलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या उदाहरणात असं झालेलं नाही.

आपल्याच जिल्ह्याचे मुख्यमंत्री

आपल्या जिल्ह्याने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले, दोघेही पुसदचे. वसंतराव नाईक ११ वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री होते, १ जुलैला त्यांच्या जयंतीला आपण कृषिदिन पाळतो. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ मुख्यमंत्री होते. जलसंधारणाचं वेगळं खातं त्यांच्या काळात सुरू झालं, आणि ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ म्हटलं की आजही गावोगावी त्यांचं नाव निघतं. ते खोटं नाही. पाण्याचं काम त्यांनी मनापासून केलं.

पण डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हाही मुख्यमंत्री तेच होते. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्या दोन महिन्यांत ९०० माणसं मेली. त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, आणि उरलेल्यांत काही इतर धर्मांचे, काहींची ओळखच पटली नाही. जानेवारीतल्या संघटित हल्ल्यांची जबाबदारी आयोगाने शिवसेना आणि तिच्या नेतृत्वावर टाकली. ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. डिसेंबरमध्ये रस्त्यावर उतरलेल्या मुसलमान जमावांनी केलेली हिंसाही आयोगाने लिहिली, ती वगळून अहवाल वाचायचा नाही. आणि सरकारबद्दल म्हटलं की राजकीय नेतृत्व दुबळं ठरलं, वेळेवर निर्णय झाले नाहीत, पोलिसांना उलटसुलट आदेश गेले.

आता आपण यवतमाळची माणसं काय करणार? आपल्या जिल्ह्याचा माणूस म्हणून दुसरं पान फाडणार, की दुसऱ्या पानासाठी पाण्याचं पान फाडणार? दोन्ही पानं ठेवायची. एका कामाने दुसरं धुतलं जात नाही. ज्याला हे जमतं तोच खरा हिशेब मांडतो, बाकीचे एक तर आरती करतात नाही तर दगड मारतात.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढे झालं. हा आयोग नाईक सरकारनेच जानेवारी १९९३ मध्ये नेमला होता. जानेवारी १९९६ मध्ये शिवसेना-भाजप सरकारने तो गुंडाळला, दबाव आल्यावर त्याच वर्षी मे महिन्यात पुन्हा सुरू केला. फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल सादर झाला. ऑगस्टमध्ये तो विधिमंडळात ठेवला गेला आणि सरकारने त्याचे निष्कर्ष फेटाळले. १९९९ च्या निवडणुकीत काँग्रेस आणि राष्ट्रवादी दोघांनीही श्रीकृष्ण अहवाल लागू करू असं सांगून मतं घेतली. त्यांत आपली मतं होती. मग ते १५ वर्षं सत्तेत राहिले. शिक्षा मात्र मोजक्याच लोकांना झाली. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली. त्यासाठी विशेष न्यायालय बसलं, १०० जण दोषी ठरले, फाशीपर्यंत खटला गेला. निरपराधांना मारणाऱ्यांवर खटला चालायलाच हवा होता. पण तशीच तत्परता आधीच्या ९०० जणांसाठी का दिसली नाही, हा प्रश्न कोणत्याही धर्माच्या माणसाला पडला पाहिजे. नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे ३० वर्षांनी, बेपत्ता झालेल्यांच्या वारसांना शोधा आणि भरपाई द्या असं सर्वोच्च न्यायालयाला राज्य सरकारला सांगावं लागलं.

हे पहिल्यांदा घडलं असतं तर वेगळी गोष्ट होती. मे १९७० मध्ये भिवंडी आणि जळगावात दंगली झाल्या, तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव. न्यायमूर्ती मादन आयोगाने त्याची बारकाईने चौकशी केली, पोलिसांच्या पक्षपातावर स्पष्ट लिहिलं. तो अहवाल राज्यकर्त्यांनी खरोखर वाचून अंमलात आणला असता तर १९९३ ची मुंबई काही प्रमाणात तरी वेगळी असती.

ज्याला एक नाव नाही असं नुकसान

आता आपल्या पायाखालची जमीन पाहू. राज्याच्या कापूस बाजारभावाची यादी उघडा, त्यात राळेगावचं नाव असतं. कापसाने आपल्याला जगवलं आणि कापसानेच मारलं. १९ मार्च १९८६ ला आपल्याच जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका कास्तकाराने बायको आणि चार लेकरांसह आयुष्य संपवलं. त्यांच्या आठवणीत आजही १९ मार्चला लोक अन्नत्याग करतात. त्या घटनेचा गुन्हेगार कोणता राजकारणी?

एक नाव सांगता येत नाही. निर्णयांची साखळी सांगता येते. २००२ मध्ये केंद्राने बीटी कापसाला परवानगी दिली. बियाणं महाग, आणि आपल्या कोरडवाहू जमिनीला पाण्याची सोय नाही. २००५ मध्ये राज्य सरकारने कापसावरचा क्विंटलमागे ५०० रुपयांचा अग्रिम बोनस बंद केला. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २००८ च्या कर्जमाफीत पूर्ण माफीला दोन हेक्टरची अट होती. आपल्या कोरडवाहू कास्तकाराकडे जमीन जास्त आणि पीक कमी, त्यामुळे सर्वात अडचणीतले कितीतरी जण पूर्ण माफीच्या बाहेर राहिले. राज्याच्या आर्थिक पाहणीने दाखवलं की हजारो कोटी खर्चूनही दहा वर्षांत सिंचन जेमतेम ०.१ टक्का वाढलं. २०१२ मध्ये त्यावरून राजीनामा झाला, श्वेतपत्रिका निघाली, आणि सुमारे अडीच महिन्यांत राजीनामा दिलेले मंत्री परत आले. २०१७ मध्ये या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं काढून टाकलं, तेही आपला माल बाजारात यायच्या तोंडावर.

मोजा यात किती सरकारं आली. सगळ्या पक्षांची आली. एकाही निर्णयात कोणी राळेगावच्या माणसाला मारायचं ठरवलं नव्हतं. पण कास्तकाराचं काय होईल हे विचारणारा माणूस त्या टेबलावर नव्हता. आपल्या ‘सर्वात वाईट नेता कोण’ या वादात हे नुकसान कधी येत नाही, कारण त्याला चेहरा नाही. या जिल्ह्याला विचारलं तर सर्वात मोठं नुकसान हेच असेल.

श्रीलंकेकडे बघा, तिथे दोन्ही प्रकार दिसतात. एप्रिल २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. पीक घसरलं, बंदी काही महिन्यांत मागे घ्यावी लागली, बाकीचं आर्थिक संकट वर होतंच, आणि जुलै २०२२ मध्ये ते देश सोडून पळाले. हे नुकसान सर्वांना दिसलं. पण १९५६ मध्ये पंतप्रधान बंडारनायके यांनी फक्त सिंहली ही राजभाषा करणारा कायदा आणला तेव्हा बहुसंख्य लोक खूश होते. तमिळांना आपल्याच देशात परकं वाटायला लागलं. १९५८ ला दंगली, १९८३ ला त्याहून भयंकर दंगली, मग २००९ पर्यंत युद्ध. खुद्द बंडारनायके यांचा १९५९ मध्ये खून झाला तो एका बौद्ध भिक्खूच्या हातून. ज्या आगीवर त्यांनी हात शेकले ती त्यांनाही विझवता आली नाही. त्या कायद्याची किंमत चुकवायला पन्नास वर्षं गेली. टाळ्या वाजत असताना झालेलं नुकसान सर्वात उशिरा मोजलं जातं.

आपल्या घरची यादी

आता थोडं कडू. दुसऱ्यांच्या नेत्यांची यादी करताना आपल्या पुढाऱ्यांना त्यातून सूट द्यायची नाही.

जिनांचा हिशेब आपल्याकडे वारंवार मागितला जातो. शांतपणे सांगा की १९४६ च्या निवडणुकीत मताचा अधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षणाच्या अटींनी बांधलेला होता, विणकर, मजूर, कुळं यांना कोणी विचारलंच नव्हतं, आणि आमचे आजे-पणजे इथेच राहिले. पण द्विराष्ट्रवादाने या उपखंडाचं, आणि सर्वात जास्त इथल्या मुसलमानांचं नुकसान केलं, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणा. मौलाना आझादांनी आत्मचरित्रात फाळणीसाठी लीगला धरलं, काँग्रेसमधल्या सहकाऱ्यांना धरलं, आणि १९४६ मध्ये आपण स्वतः काँग्रेसचं अध्यक्षपद सोडलं ही आपली मोठी चूक होती असंही लिहिलं. हिशेब असा असतो.

दुसरं, शाहबानो. एप्रिल १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंदूरच्या त्या वृद्ध बाईला महिना १७९ रुपये २० पैसे पोटगी मान्य केली. त्यावर मोर्चे निघाले, आणि राजीव गांधींच्या सरकारने १९८६ मध्ये निकाल निष्प्रभ करण्यासाठी कायदा केला. त्याच फेब्रुवारीत अयोध्येतलं कुलूप उघडलं गेलं. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते. दोन्हीकडच्या कट्टर मंडळींना खूश करायचा तो सौदा देशाला किती महाग पडला ते आपण पाहिलं. राजीव गांधींवर बोट जरूर ठेवा. पण लाखोंचे मोर्चे काढून एका म्हातारीची पोटगी काढून घेणारे कोण होते? हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम महिलांसोबत मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला होता. समाजाने त्या सात जणींचं ऐकलं असतं तर शाहबानोला न्यायालयात जावं लागलं नसतं, आणि पुढे तलाकचा मुद्दा इतरांच्या हातात हत्यार म्हणून गेला नसता.

माझं उत्तर

आता कबूल केल्याप्रमाणे उत्तर. माझ्या यादीत पहिला नंबर एका नावाला नाही, एका प्रकारच्या राजकारण्याला आहे. जो अहवाल दाबतो, जो झालेल्या नुकसानाचा हिशेब होऊ देत नाही, तो देशाचं सर्वात जास्त नुकसान करतो. आग लावणारा एकदा आग लावतो. अहवाल दाबणारा पुढच्या प्रत्येक आग लावणाऱ्याला सांगतो की तुला काही होणार नाही. आणीबाणीनंतर निदान घटनेत दुरुस्ती झाली. मादन आणि श्रीकृष्ण अहवालांनंतर ते झालं नाही, आणि त्यात आम्हाला शिव्या देणारेही आहेत आणि आमची मतं घेणारेही आहेत. दुसऱ्यांना मी पहिल्यांपेक्षा कमी दोषी धरत नाही. विश्वास ठेवणाऱ्याला फसवणं हे जास्त जिव्हारी लागतं.

असं नुकसान रक्ताशिवायही होतं. २००६ मध्ये सच्चर समितीने आपल्या शिक्षणाची आणि रोजगाराची स्थिती आकड्यांसह मांडली. महाराष्ट्रात २०१४ मध्ये पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने शिक्षणापुरतं ते चालू ठेवायला हरकत घेतली नाही, तरी नव्या सरकारने अध्यादेश संपू दिला. २०२२ मध्ये केंद्राने अल्पसंख्याकांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद केली, संशोधन करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही बंद केली. याच्या बातम्या एक दिवस आल्या. त्या दिवशी आपले ग्रुप कोणत्या वादात होते ते ज्याने-त्याने आठवावं.

डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सावध केलं होतं की राजकारणात भक्ती हा हुकूमशाहीकडे जाणारा रस्ता आहे. मी त्यात एवढंच जोडतो की एका माणसाचा आंधळा द्वेष ही भक्तीचीच उलटी बाजू आहे. दोन्हीत आपण त्या माणसाला सर्वशक्तिमान मानतो आणि स्वतःला सुट्टी देतो.

म्हणून काम सांगतो, छोटं आहे. श्रीकृष्ण अहवाल मिळवा आणि ग्रुप करून वाचा, हिंदू आणि बौद्ध मित्रांना सोबत घेऊन वाचा. राळेगावचा एकच निर्णय निवडा. बेंबळा कालव्याचं पाणी शेवटच्या गावापर्यंत का पोचत नाही, खरेदी केंद्र केव्हा उघडलं आणि केव्हा बंद झालं, आपल्या शाळेतल्या किती मुलांची शिष्यवृत्ती थांबली. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, अर्जाचं शुल्क १० रुपये. उत्तर आलं की तारीख आणि सही वाचा, आणि पुढच्या निवडणुकीत जो दारात येईल त्याच्यासमोर तो कागद ठेवा. आपल्या पक्षाचा असेल तर आधी ठेवा.

बहिणींना वेगळं सांगतो. या वादात तुमचा आवाज जवळपास नसतो, आणि शाहबानोसारख्या प्रकरणात नुकसान मात्र तुमच्या वाट्याला सर्वात आधी आलं. अर्जावर पहिली सही तुमची असू द्या.

प्रश्न असतील तर आता विचारा. नाव घेऊन विचारलं तरी चालेल, फक्त सोबत निर्णय आणि तारीख सांगा.